डिस्क डुप्लिकेटर: घ्यावा, की काम बाहेर द्यावे?

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न असतो, "मशीन केवढ्याला?" डिस्क डुप्लिकेटरच्या बाबतीत हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी विचारायचे ते असे : माझ्या हातून गिऱ्हाइकाच्या हातात जाणारी, त्याच्याकडे नक्की चालणारी एक डिस्क मला केवढ्याला पडेल? यंत्राची किंमत हा त्यातला एक तुकडा आहे. बाकीचे तुकडे कोऱ्या डिस्कचे, शाईचे, वाया गेलेल्या मालाचे, माणसाच्या वेळेचे आणि राइटर, म्हणजे डिस्कवर लिहिणारे ड्राइव्ह, बदलण्याचे असतात.

डिस्कचा जमाना गेला, असे घरात बसून वाटते. प्रत्यक्षात सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून निघालेल्या पेशंटला अनेक ठिकाणी आजही फिल्मबरोबर सीडी मिळते. सीसीटीव्हीचे फुटेज डिस्कवर घालून कोर्टात दिले जाते. लग्नाचे शूटिंग करणारे स्टुडिओ, कीर्तन-भजनाची मंडळे, अमृतमहोत्सव साजरा करणाऱ्या शाळा, जुनी कागदपत्रे स्कॅन करून ठेवणारी ग्रंथालये यांनाही डिस्क लागतात. हा हिशेब त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट ठरवा : मजकूर एकच, की दर डिस्कला वेगळा?

यंत्राची निवड या एका उत्तरावर ठरते.

स्नेहसंमेलनाच्या तीनशे डीव्हीडींत एकच चित्रफीत असते. निदान केंद्रातल्या पंचवीस सीडींत पंचवीस वेगळ्या पेशंटचे स्कॅन असतात. पहिल्या कामाला 'टॉवर' लागतो, दुसऱ्याला 'ऑटोलोडर'. निदान केंद्राने स्वस्त म्हणून टॉवर घेतला तर तो पडून राहील, कारण टॉवर एका वेळी एकाच मजकुराच्या प्रती काढतो. स्टुडिओने ऑटोलोडर घेतला तर पैसे अडकतील आणि वेगही कमीच मिळेल. तो कसा, ते पुढे येईलच.

यंत्रांचे प्रकार

टॉवर : एका उभ्या डब्यात वर मूळ डिस्क वाचणारा ड्राइव्ह, खाली तीन, सात किंवा अकरा राइटर आणि त्यांना हुकूम देणारा कंट्रोलर. कॉम्प्युटर लागत नाही. मूळ डिस्क वर घाला, कोऱ्या डिस्क खाली घाला, बटण दाबा. काही टॉवरमध्ये हार्ड डिस्कही असते. मूळ डिस्क एकदा तिच्यात उतरवून ठेवली की पुन्हापुन्हा वापरून तिच्यावर ओरखडे पडत नाहीत. डिस्क भरायला आणि काढायला मात्र माणूस लागतो.

ऑटोलोडर : यात यांत्रिक हात असतो. तो कोऱ्या डिस्कच्या गठ्ठ्यातून एक डिस्क उचलतो, राइटरच्या ट्रेमध्ये ठेवतो, लिहून झाली की छपाईला नेतो आणि तयार डिस्कच्या गठ्ठ्यात सोडतो. प्रिंटर असलेल्या यंत्रांत लिहिणे आणि नाव छापणे एकाच फेरीत होते. एप्सनची 'डिस्कप्रोड्यूसर' आणि प्रायमेराची 'ब्राव्हो' मालिका, रिमाजची यंत्रे ही यातली ओळखीची नावे. तैवानच्या ॲक्रोनोव्हाचे 'निंबी' हे लहान यंत्र एका ड्राइव्हवर चालते आणि एका वेळी शंभर डिस्क घेते.

तिसरा मार्ग यंत्र न घेण्याचा, म्हणजे कारखान्यातून डिस्क छापून घेण्याचा. वरच्या दोन्ही यंत्रांत लेसर कोऱ्या डिस्कवरच्या रंगद्रव्याच्या थरात खुणा करतो. कारखान्यात काचेच्या मास्टरवरून निकेलचा साचा बनतो आणि वितळलेल्या पॉलिकार्बोनेटवर त्याचा ठसा उमटतो. त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर चढतो. साच्याचा खर्च सुरुवातीलाच होतो, म्हणून अशी ऑर्डर बहुधा पाचशे किंवा हजार प्रतींच्या खाली घेत नाहीत. तेवढ्या प्रती एकदम हव्या असतील तर यंत्राचा विचार सोडा आणि तिकडे दर विचारा.

वेग : जाहिरातीतला आणि घड्याळातला

डीव्हीडीचा एक-पट वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. म्हणजे आठ-पट वेगाने ती सुमारे सात मिनिटांत भरते आणि सुरुवात-शेवटाच्या नोंदी धरून आठ मिनिटे लागतात. सोळा-पट वेगाने निम्मा वेळ लागायला हवा, पण लागतात पाच-सहा मिनिटे. कारण इतक्या वेगाला डिस्क एकाच गतीने फिरत राहते. आतल्या कडेला वेग कमी असतो आणि बाहेरच्या कडेला पोचल्यावरच तो सोळा-पट होतो. खोक्यावर छापलेला आकडा हा त्या शेवटच्या काही क्षणांचा असतो.

आता घड्याळ लावून पाहू. सात राइटरचा टॉवर, आठ-पट वेग. लिहायला आठ मिनिटे आणि डिस्क भरा-काढायला दोन, म्हणजे एक फेरी दहा मिनिटांची. तासाला ४२ डिस्क होतात. लिहिलेली डिस्क पुन्हा वाचून मूळ डिस्कशी ताडून पाहण्याची 'कम्पेअर'ची पायरी घेतली की फेरी सुमारे सोळा मिनिटांची होते आणि तासाला २६ डिस्क हाती येतात.

दोन राइटरचा ऑटोलोडर हेच काम करताना, हाताच्या हालचालीसह, नऊ मिनिटांत दोन डिस्क देतो. ताशी साधारण तेरा, तेही न ताडता. म्हणजे कितीतरी महाग असलेले यंत्र टॉवरच्या एक-तृतीयांश वेगाने चालते. मग लोक ते का घेतात? कारण त्याच्याजवळ कोणी बसावे लागत नाही. संध्याकाळी शंभर डिस्क भरून घरी गेलात तर सकाळी शंभर तयार असतात, आणि प्रत्येकीवर तिचे स्वतःचे नाव छापलेले असते. ऑटोलोडरचे पैसे मोकळ्या हातांसाठी आणि बिनचूक नावांसाठी मोजायचे असतात. विक्रेता वेगाबद्दलच बोलत राहिला तर त्याला या दोन गोष्टींबद्दल विचारा.

ब्लू-रे हवी असेल तर वेळ आणखी वाढतो. २५ जीबीची डिस्क चार-पट वेगाने भरायला सुमारे २३ मिनिटे लागतात.

हिशेब मांडू या

खालचे दर हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्या जागी घाला आणि हीच रीत वापरा. यंत्राचे पैसे तीन वर्षांत वसूल व्हावेत, असे मी धरतो. डिस्क आणि राइटर बनवणारे कमी होत चालले असताना याहून लांबचा भरवसा ठेवू नये.

*शाळेचा अमृतमहोत्सव : एकदाच तीनशे डीव्हीडी*

बाहेर, छपाई आणि कव्हरसह, एका डीव्हीडीला ₹६० धरले तर खर्च ₹१८,०००. टॉवरला ₹३४,००० आणि यूपीएसला ₹६,००० धरले तर नुसत्या यंत्राचे ₹४०,००० होतात. काम बाहेर द्या. वाचलेले पैसे चित्रफितीच्या संपादनावर घाला, त्याचा उपयोग तीनशे घरांना होईल.

*तालुक्याच्या गावातला स्टुडिओ : महिन्याला तीनशे डीव्हीडी*

छपाईसाठी डिस्कचा ट्रे असलेला इंकजेट प्रिंटर स्टुडिओत आहे, असे धरू. नसेल तर त्याची किंमत यंत्रात मिळवा. माणसाच्या तासाला ₹१०० आणि शंभरातल्या तीन डिस्क वाया जातात, असे धरू. तीन वर्षांत १०,८०० डिस्क होतील. एका डिस्कवर पडणारा खर्च असा :

- यंत्र आणि यूपीएस : ₹३.७०
- सातही राइटर एकदा बदलणे, प्रत्येकी ₹१,५०० : ₹०.९७
- कोरी प्रिंटेबल डीव्हीडी ₹२०, वाया धरून : ₹२०.६०
- शाई ₹६, वाया धरून : ₹६.१८
- कॉपी आणि कम्पेअरसाठी माणसाचा वेळ : ₹३.८५
- छपाईसाठी माणसाचा वेळ, डिस्कमागे एक मिनिट : ₹१.६७
- कव्हर : ₹३
- वीज : ₹०.१२

एकूण सुमारे ₹४०. बाहेरच्या ₹६० पुढे डिस्कमागे वीस रुपये सुटतात. यंत्र घ्या.

हाच स्टुडिओ महिन्याला पन्नासच डिस्क करत असेल तर तीन वर्षांत १,८०० होतील. राइटर बदलावे लागणार नाहीत, पण एकट्या यंत्राचा वाटाच ₹२२ होईल आणि एकूण खर्च ₹५८ च्या घरात जाईल. बाहेरच्या दराशी जवळपास बरोबरी झाली. यंत्र बिघडण्याची जोखीम मात्र तुमची.

यातून एक सोपी कसोटी निघते. बाहेरच्या दरातून तुमचा चालू खर्च, म्हणजे कोरी डिस्क, शाई, मजुरी, कव्हर, वीज आणि राइटर बदलण्याचा वाटा, वजा करा. उरलेल्या रकमेने यंत्राच्या किमतीला भागा. आलेला आकडा म्हणजे यंत्र सुटायला लागणाऱ्या डिस्क. वरच्या उदाहरणात तो सुमारे १,७०० आहे. तीन वर्षांत तितक्या होणार नसतील तर थांबा.

*निदान केंद्र : रोज पंचवीस सीडी*

ऑटोलोडर ₹२,५०,०००, देखभाल वर्षाला ₹१५,०००, कामाचे दिवस ३००. वर्षाला ७,५०० सीडी. यंत्राचा वाटा ₹११.११, देखभाल ₹२, कोरी सीडी ₹१५ (वाया धरून ₹१५.४५), शाई ₹६.१८, कव्हर ₹३, माणसाचा वेळ ₹१. एकूण सुमारे ₹३९.

हीच सीडी साध्या कॉम्प्युटरवर करून नाव मार्करने लिहिले, आणि त्यात कर्मचाऱ्याची चार मिनिटे गेली, तर खर्च सुमारे ₹२५ येतो. म्हणजे इथे यंत्र पैसे वाचवत नाही. डिस्कमागे चौदा रुपये, दिवसाला ₹३५० जास्त घेते. बदल्यात काय मिळते? स्कॅन आणि छापलेले नाव एकाच कामातून येते, त्यामुळे एकाची सीडी दुसऱ्याच्या पाकिटात जाण्याची शक्यता खूप घटते. त्या सीडीवरून डॉक्टर ऑपरेशनचा निर्णय घेणार असतात. गर्दीच्या केंद्रासाठी हा खर्च मला रास्त वाटतो. रोज साठ सीडी होत असतील तर फरक सहा रुपयांवर येतो, तेव्हा विचार करण्यासारखे काही उरतच नाही.

रोज पाचच सीडी होत असतील तर? एक सीडी ₹९१ ला पडेल. तिथे हातानेच करा. त्याऐवजी एक शिस्त घाला : एक सीडी लिहून, उघडून, नाव घालून पाकिटात गेल्याशिवाय दुसरी ट्रेमध्ये घालायची नाही.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च

राइटर : टॉवरमधला राइटर हा झिजणारा भाग आहे. लेसर मंदावतो, ट्रे अडखळतो. साधा, बाजारात मिळणारा साटा राइटर चालतो का, हे आधी विचारा. काही ऑटोलोडरना ठरावीक मॉडेलचाच ड्राइव्ह लागतो आणि तो कंपनीकडूनच घ्यावा लागतो.

शाई : ऑटोलोडरची कार्ट्रिज त्याच यंत्राची असतात. एका कार्ट्रिजची किंमत आणि त्यात किती डिस्क छापून होतात, हे दोन्ही लेखी घ्या. संपूर्ण रंगीत छपाई आणि नुसते नाव-तारीख यांच्या खर्चात मोठा फरक पडतो. पेशंटच्या सीडीला काळी अक्षरे पुरतात.

वीज : लिहिताना वीज गेली तर एकदाच लिहिता येणारी डिस्क तिथेच वाया जाते. सात राइटरचा टॉवर असेल तर सातही जातात. यूपीएसशिवाय हे यंत्र चालवू नका.

वाया गेलेला माल : सुरुवातीचे दोन महिने वहीत नोंद ठेवा. शंभरातल्या तीनऐवजी दहा डिस्क जात असतील तर दोष डिस्कच्या बॅचचा आहे की एखाद्या राइटरचा, हे त्या वहीतूनच कळेल. पेशंटच्या किंवा पक्षकाराच्या बिघडलेल्या डिस्क कापून टाका, तशाच कचऱ्यात देऊ नका.

कोऱ्या डिस्कवर काटकसर नको

यंत्र कितीही चांगले असो, कोरी डिस्क हलकी निघाली की सगळे पाण्यात. नवा ब्रँड आला की आधी पन्नासचा एकच स्पिंडल आणा, दहा डिस्क करून तीन वेगवेगळ्या प्लेअरवर आणि कॉम्प्युटरवर वाचून बघा, मगच हजाराची खरेदी करा. सोळा-पट चालणारी डिस्क आठ-पट वेगाने लिहिली तर चुका सहसा कमी होतात. वाचलेल्या दोन मिनिटांपेक्षा तक्रार घेऊन परत न आलेले गिऱ्हाईक महत्त्वाचे.

कागदी स्टिकर लावू नका. तो जरा तिरका बसला की वेगात फिरणारी डिस्क थरथरते, आणि काही वर्षांनी सुटू लागतो. बॉलपेनने तर मुळीच लिहू नका. सीडीचा माहितीचा थर छापील बाजूच्या पातळ लाखेखाली लगेच असतो, टोकाचा दाब थेट त्यावर येतो. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने ती जरा सुरक्षित, तरी मऊ टोकाचे डिस्क-मार्करच वापरा. तयार डिस्क उन्हात ठेवू नका, रंगद्रव्याचा थर उन्हाने खराब होतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात गठ्ठे बंद डब्यात, ओलाव्यापासून दूर ठेवा.

पुरवठ्याचाही विचार करा. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क-उत्पादकांत गणली जायची. २०१८ मध्ये ती अवसायनात गेली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. सीडी-डीव्हीडी अजून मिळतात, पण एकाच पुरवठादारावर विसंबू नका. सहा महिन्यांचा साठा ठेवा. दहा वर्षांचा मात्र करू नका.

पैसे देण्याआधी हे विचारा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चौकशी करा, किंवा थेट आयातदाराला गाठा. प्रश्न तेच राहतात :

- दरात जीएसटी, वाहतूक आणि बसवून देणे धरले आहे का? यंत्र परदेशातून येणार असेल तर कस्टम ड्यूटी कोण भरणार?
- वॉरंटी किती, आणि राइटर तिच्यात आहेत की वगळले आहेत?
- यंत्र बिघडले तर माणूस माझ्या गावी येणार, की यंत्र मी पाठवायचे? तोपर्यंत बदली यंत्र मिळेल का?
- सोबतचे सॉफ्टवेअर माझ्या आजच्या विंडोजवर चालते का? निदान केंद्रासाठी : ते माझ्या स्कॅनच्या प्रणालीतून थेट काम घेते का?
- माझ्याच मजकुराच्या, माझ्याच कोऱ्या डिस्कवर, माझ्यासमोर वीस प्रती काढून दाखवाल का?

शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्याकडेच पुढची बोलणी करा.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर मागची बाजू उघडून बघा. आत रुंद चपट्या केबलचे आयडीई राइटर असतील तर सोडून द्या, त्यांचे बदली राइटर शोधताना दमछाक होईल. ऑटोलोडर असेल तर कार्ट्रिज आज मिळतात का ते विक्रेत्याच्या नव्हे, कंपनीच्या डीलरकडून खात्री करा. सगळे राइटर एकदम चालवून, कम्पेअर लावून, दोन फेऱ्या घ्या. एखाद-दुसरा राइटर निकामी असेल तर त्याची किंमत कमी करून मागा. कंट्रोलर बिघडलेला असेल तर उठून या.

कायद्याची बाजू

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये 'प्लेट' या शब्दाच्या व्याख्येत प्रती काढणारी यंत्रसामग्रीही येते. बेकायदा प्रती काढण्यासाठी ती जाणूनबुजून जवळ बाळगणे हा कलम ६५ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. प्रत्यक्ष उल्लंघनाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ₹५०,००० ते ₹२ लाख दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात १९८१ च्या धोकादायक कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांचाही समावेश झाला. म्हणून गिऱ्हाइकाने सिनेमाची डिस्क पुढे केली तर काम घेऊ नका. लग्नाच्या चित्रफितीवर मागे घातलेल्या सिनेगीताचाही हक्क कोणाचा तरी असतो, हे लक्षात ठेवा.

भजन-कीर्तनाची सीडी काढणाऱ्या मंडळांनी कलम ५२अ वाचावे. ध्वनिमुद्रणाच्या डिस्कवर आणि कव्हरवर निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष छापणे बंधनकारक आहे. कव्हरच्या डिझाइनमध्ये त्यासाठी जागा आधीच ठेवा, म्हणजे पुन्हा छपाईचा खर्च पडणार नाही.

कोर्टासाठी डिस्क करणाऱ्यांना १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम ६३ लागू आहे. त्याखाली द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली अक्षर-आकड्यांची ओळख, नोंदवावे लागते. कॉपी करण्याआधी हॅश काढा, कॉपी झाल्यावर डिस्कवरच्या फाइलचा पुन्हा काढा आणि दोन्ही जुळल्याशिवाय डिस्क देऊ नका. त्या वेळेचे पैसे बिलात वेगळे लावायला हरकत नाही.

तर मग कोणी काय करावे?

सर्वांत आधी घेणाऱ्याला विचारा की त्याला डिस्क हवी आहे का. नव्या लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्हच नसतो. अनेकांना पेनड्राइव्ह किंवा लिंक पुरते. नंतर बदलता येऊ नये अशी प्रत हवी असेल, देणे-घेणे कागदोपत्री असेल, किंवा घेणाऱ्याकडे खरेच प्लेअर असेल, तेव्हा डिस्क योग्य.

महिन्याला पन्नासपेक्षा कमी सारख्या प्रती : काम बाहेर द्या. पन्नास ते शंभर : बाहेरचा दर घासाघीस करून कमी करून घ्या, सहा महिने प्रत्यक्ष संख्या मोजा, मग ठरवा. शंभराच्या पुढे नियमित : टॉवर. एकाच वेळी हजार : कारखाना. रोज वीसच्या वर, प्रत्येक वेगळी आणि नाव चुकून चालणार नाही : ऑटोलोडर. आणि कोणतेही यंत्र घेण्याआधी, गेल्या बारा महिन्यांत तुम्ही प्रत्यक्ष किती डिस्क दिल्या ते बिलांवरून मोजा. पुढच्या वर्षीच्या आशेवर नाही, त्या आकड्यावर यंत्र घ्या.